देव्हाऱ्यातली देवी

घराण्याचा इतिहास शोधणे हा सरदार-जहागीरदारांच्या वंशजांचा उद्योग, अशी परवा-परवापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. ज्यांच्या वाड्यांत सनदा आहेत, भिंतीवर तलवारी आहेत, त्यांनी तो खुशाल करावा. आमच्यासारख्या, महाड तालुक्यातल्या एका वाडीतून उठून गिरणीच्या भोंग्यामागे ठाण्याला आलेल्या आणि पुढे डोंबिवलीच्या तीन खोल्यांत स्थिरावलेल्या कुटुंबाला कसला आलाय इतिहास? आमच्याकडे वडिलोपार्जित म्हणून जे काही आहे ते सारे देव्हाऱ्यात मावते. एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, दोन टाक आणि एक सिंहवाली देवी.

ही देवी म्हणजे तळहाताहून थोडी मोठी, गोल, जड अशी धातूची तबकडी. तिच्यावर शेंदराचा इतका जाड थर, की एक उभी बाई, तिच्या हातातले त्रिशूळ आणि पुढ्यातला सिंह एवढेच काय ते हाताला लागावे. नवरात्रात तिच्यावर तेल-शेंदूर चढायचा, एरवी हळदकुंकू. कुठली देवी म्हणून कोणी विचारले तर आई म्हणायची, “गावची.” एवढ्यावर चौकशी संपत असे.

गेल्या वर्षी पितृपंधरवडा संपल्यावर घराला रंग काढला. देव्हारा हलवताना माझ्या हातून ती तबकडी फरशीवर पडली आणि शेंदराची खोळच्या खोळ निघून आली. मी घाबरून उचलली. पाहतो तो सिंहाच्या वर, कडेकडेने इंग्रजी अक्षरे! चष्मा लावून वाचली. एका बाजूला चौकटीत उठावदार अक्षरांत माझ्या पणजोबांचे नाव होते. आणि भोवती, गोलाकार, ह्या माणसाने स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी प्राण दिला, अशा अर्थाचे वाक्य.

वाचकहो, देव्हाऱ्यातल्या देवीने एकाएकी इंग्रजीत बोलायला सुरुवात करावी, तसे मला झाले. कारण आमच्या घरात पणजोबा मेले आहेत, असे कधी कोणी म्हटलेच नव्हते. ते ‘लढाईवर गेले’ होते. १९१४ साली, माझे आजोबा पाळण्यात असताना, पलटणीबरोबर आगबोटीने गेले आणि आले नाहीत. पणजीने त्यांची वाट पाहिली. बारा वर्षे झाल्यावर भावकीने क्रियाकर्म करून टाकावे असा विषय काढला, तेव्हा तिने अंगणात उभे राहून सगळ्यांना परत पाठवले म्हणतात. १९५८ साली ती गेली ती कपाळावर कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र घेऊन. म्हणून आमच्याकडे तिचे पान अविधवा नवमीला वाढले जाते, सवाष्ण जेवते, तिची ओटी भरली जाते. पणजोबांचे पान मात्र कधीच नाही. ज्याची तिथीच ठाऊक नाही, किंबहुना जो गेला असे म्हणायचीच सोय नाही, त्याला पान कसे वाढणार?

तबकडी घेऊन मी ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे गेलो. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ती लहानपणी गावी आपल्या आजीपाशीच, म्हणजे माझ्या पणजीपाशी वाढली. तिने तबकडी मांडीवर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “हिचा शेंदूर कुठे गेला रे?”

मी काय ते सांगितले. नाव वाचून दाखवले. भोवतालचे वाक्य वाचताना मात्र जरा अडखळलो. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तिथी बघ. मी आहे तोवर त्यांची तिथी मला मिळाली पाहिजे.”

असा हा उद्योग माझ्या गळ्यात पडला.

पहिली गोष्ट कळली ती तबकडीविषयी. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील प्रत्येक सैनिकाच्या वारसाला अशी कांस्याची तबकडी पाठवली गेली. व्यास १२० मिलिमीटर. तिच्यावरची बाई म्हणजे ब्रिटानिया, इंग्रजांची राष्ट्रदेवता. हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह! कोकणातल्या एखाद्या बाईने तिला आपली अंबाबाई समजावे, यात नवल ते काय? अशा साडेतेरा लाखांच्या आसपास तबकड्या वाटल्या गेल्या आणि विलायतेत लोक तिला ‘मेलेल्या माणसाची पेनी’ म्हणत. तिच्यावर हुद्दा नाही, पलटण नाही, फक्त नाव. मरणात शिपाई आणि जनरल सारखेच, हा त्यामागचा विचार. विचार थोर खरा, पण माझी पंचाईत त्यानेच केली. कारण पणजोबांचे नाव कोकणात वाडीगणिक सापडणारे, म्हणून ते इथे लिहीतही नाही.

युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी एक संस्था आहे, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग. १९१७ साली ती स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांतील सतरा लाख मृतांची नावे तिच्यापाशी आहेत आणि ती आता घरबसल्या कोणालाही संगणकावर पाहता येतात. मुलीने ते पान उघडून दिले. नाव घातले आणि एकाच नावाची ही भली मोठी यादी पुढे आली! कोणी मराठा पलटणीत, कोणी पायोनियरांत, कोणी खेचरांच्या तांड्यावर. त्यांत इंग्रज कारकुनांनी कानाला पडले तसे लिहिलेले. ‘सावंत’ कुठे ‘सावुंत’ झालेला, ‘तुकाराम’चा ‘तूकरम’ झालेला, आडनाव तर कित्येकदा नाहीच. बापाचे नाव आणि गाव मात्र पुष्कळ नोंदींत दिलेले आहे. पण गावाचे स्पेलिंग असे, की गावकऱ्यालाही ओळखू येऊ नये.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण मी स्वतः तिच्यामुळे पंधरा दिवस वाया घालवले. ह्या नोंदींतले जिल्हे जुने आहेत. रायगड शोधून उपयोग नाही, कारण १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. सिंधुदुर्ग त्याच वर्षापर्यंत रत्नागिरीत होता आणि पालघर तर २०१४ पर्यंत ठाण्यातच. मी आपला रायगड, रायगड करीत बसलो होतो.

पंजाबातल्या लोकांचे नशीब ह्या बाबतीत आमच्याहून बरे. तिथल्या सरकारने लढाई संपल्यावर गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि त्यांतली तीन लाखांहून अधिक नावे २०२१ पासून लोकांपुढे येऊ लागली. आमच्याकडे काय? कोकणात आणि साताऱ्याकडे कितीतरी गावांत संगमरवराच्या छोट्या पाट्या आहेत. ह्या गावातून अमुक माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक कामी आली. आकडे आहेत, नावे नाहीत. साताऱ्याजवळचे आपशिंगे गाव तर त्या युद्धात ४६ माणसे गमावून ‘मिलिटरी आपशिंगे’ झाले. पण बाकी गावांचा हिशेब दगडावरच्या दोन आकड्यांत आटोपलेला.

तेव्हा पलटण कळल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. आत्या म्हणाली, “कल्याणला जा. मोठ्या आजोबांची पेटी तिकडे आहे.”

मोठे आजोबा म्हणजे पणजोबांचे थोरले बंधू. त्यांची मंडळी कल्याणला पारनाक्याकडे राहतात. मधे जमिनीवरून थोडे बिनसल्यामुळे जाणेयेणे लग्नाकार्यापुरतेच. डोंबिवलीहून कल्याण गाडीने दहा मिनिटांचे, पण त्या घराची पायरी चढायला मला वीस वर्षे लागली होती. कल्याणच्या दादांनी मात्र काहीएक न दाखवता चहा मागवला आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली.

पेटीत तळाशी फडक्यात एक पदक होते. कांस्याचे, पंख पसरलेल्या देवीचे. “रुप्याचंही एक होतं म्हणतात,” दादा म्हणाले, “ते आमच्या आजीच्या जोडव्यांत गेलं. हे राहिलं, कारण सोनार याचे काही देईना.”

मी पदक घेऊन खिडकीशी गेलो. ज्यांच्या घरी असे एखादे पदक असेल त्यांनी त्याची पुढची-मागची बाजू पाहत बसू नये, कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात विलायतेतल्या शिपायांची पदके कोरी वाटली गेली, पण हिंदुस्थानी सैन्याची नाव कोरून दिली गेली, हे आपले सुदैव. आणखी एक. पहिल्या युद्धाचे जे रुपेरी पदक असते तेच कोणाच्या घरी कांस्याचे निघाले, तर आपला पूर्वज बहुधा भिस्ती, धोबी, स्वयंपाकी किंवा मजूर म्हणून गेला होता असे समजावे. त्यात कमीपणा मानू नये. गोळ्या त्यांनाही लागल्या.

कडेवर बोट फिरवले. चार आकडी नंबर. शिपाई. नाव. आणि पुढे ‘११० मराठा’.

घरी येऊन नंबर जुळवून पाहिला आणि त्या मोठ्या यादीतला एकच माणूस उरला. बापाचे नाव बरोबर, जिल्हा कुलाबा, गावाचे नाव वाकडेतिकडे पण आमचेच. मृत्यू १० जानेवारी १९१७. स्मारक बसरा.

११० वी मराठा पलटण म्हणजे पुणे डिव्हिजनमधली. १९१४ च्या अखेरीस ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरली. तैग्रीस नदीच्या काठाने ही फौज बगदादच्या वेशीपर्यंत भिडली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मार खाऊन मागे फिरली आणि कूत-अल-अमारा ह्या गावात तुर्कांनी तिला कोंडले. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. पाच महिने वेढा चालला. सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसे पडली आणि तरी वेढा फुटला नाही. आत घोडे कापून खाण्याची पाळी आली. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही आणि त्यांच्या अंगावरचे मांस झडत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली. टाउनशेंडसाहेब उरलेले युद्ध इस्तंबूलजवळच्या बेटावरील बंगल्यात राहिले. शिपायांना उन्हातून, वाळवंटातून बगदाद, मोसुल करीत रस-अल-ऐनपर्यंत चालवत नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. ताप, हगवण, उपास. त्यांतच कुठेतरी माझे पणजोबा. वयाची पंचविशी ओलांडली असेल-नसेल.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसपाशी त्या युद्धातील कैद्यांची लक्षावधी कार्डे आहेत. तीही आता कोणाला पाहता येतात. मी चार रात्री ती चाळली. आमचे नाव नाही मिळाले. पलटणीच्या रोजनिश्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण रोजनिशीत साहेब लोकांची नावे आणि शिपायांचे आकडे. शिपायाचा स्वतःचा कागद म्हणजे शीट रोल. त्यात उंची, अंगावरची खूण, वारसाचे नाव असे सगळे लिहिलेले असायचे. त्या काळचे फार थोडे आता उरले आहेत.

आणि बसऱ्याच्या स्मारकाविषयी सांगितले पाहिजे. मला वाटत होते, तिथे दगडावर पणजोबांचे नाव असेल, कोणी आखातात नोकरीला असलेला नातेवाईक कधी गेला तर फोटो आणील. नाव नाही. त्या स्मारकावर इंग्रजांची नावे आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत, पण साध्या हिंदुस्थानी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे कोरले गेले. नावे कागदावर, दगडावर नाहीत. तबकडी वाटताना सगळे सारखे आणि दगडापाशी आल्यावर वेगळे! त्या आयोगाने स्वतःच २०२१ साली अहवाल काढून ही विषमता कबूल केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. मागितली ते बरेच केले. त्या स्मारकाचेही नशीब पाहा. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले आहे.

असो. तारीख मिळाली होती. ओळखीच्या गुरुजींनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली : पौष वद्य द्वितीया, शके १८३८. कागद खिशात घालून मी ठाण्याला निघालो. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा मनात आले, त्यानंतर चार-पाच दिवसांतच त्या साली संक्रांत आली असेल. म्हणजे तो तिकडे गेल्यावर आठवड्याच्या आत इकडे पणजीने सुगडं पुजली असतील, वाडीतल्या बायकांना हळदकुंकू लावले असेल, तीन वर्षांच्या पोराच्या हातावर तिळगूळ ठेवला असेल.

पण आत्याला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती सांगावी की न सांगावी, हे मला ठरवता येत नव्हते. कल्याणच्या पेटीत पदकाच्या खाली एक कागदही निघाला होता. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, इंग्रजी छापील. १९१९ सालचा. वारसाला मिळणाऱ्या पेन्शनचा. त्यावर पणजोबांचा तोच नंबर, तीच पलटण. वारस म्हणून पणजीचे नाव, नावापुढे ‘विधवा’ असा शब्द आणि खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा.

शेवटी मी कागद तिच्यापुढे ठेवला. “आत्या, हा तिचा अंगठा. म्हणजे मोठ्या आजोबांना ठाऊक होतं. तिला सांगितलं नसेल कोणी. नवऱ्याचा पगार आहे म्हणून अंगठा घेतला असेल.”

आत्याने ठशावर बोट ठेवले. “वर्षातून दोनदा ती मोठ्या आजोबांबरोबर महाडला जायची,” ती म्हणाली. “तिजोरीत. पहाटे निघायची, चालत. परत येताना गूळ आणि मला चोळीचं कापड. ‘पगार आणायला जाते’ असंच म्हणायची. एकदा मीही गेले होते. तिथल्या कारकुनाने तिच्या कपाळाकडे बघितलं आणि काहीतरी बोलला. मोठ्या आजोबांनी मान खाली घातली. ही मात्र त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग त्याने पैसे मोजून दिले.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? ती काय वेडी होती? तबकडीवर सिंह आहे, त्रिशूळ आहे, हे सगळं दिसत असताना त्याच्यावर शेंदूर का चढवला असेल तिने? आमच्या गावात आणखी दोन घरांत ही तबकडी आली होती. त्या घरच्या बायकांच्या बांगड्या फुटलेल्या तिने बघितल्या होत्या की.”

मला एकदम काही सुचले नाही. इतकी वर्षे आम्ही जिला भोळी समजत होतो, वाट पाहत बसलेली म्हणून जिची कीव करीत होतो, तिने काय केले होते? दोन पैसे पदरात पडायचे तर सरकारी कागदावर विधवा, आणि घरात, वाडीत, देवळात सवाष्ण. केशवपनाची चाल आमच्यात नव्हती. पण पांढऱ्या कपाळाच्या बाईला लग्नकार्यात मागल्या दारी बसवणारे लोक तेच होते. आणि मोठे आजोबा? त्यांना मी गेली कित्येक वर्षे जमिनीच्या तुकड्यावरून मनातल्या मनात दूषणे देत आलो. त्या माणसाने तीसेक वर्षे भावजयीचे हे गुपित पाळले आणि तिच्याबरोबर महाडपर्यंत चालत राहिला. अर्थात हा आत्याचा तर्क आहे. मोठ्या आजोबांनीच तिला फसवले असेल, हेही अशक्य नाही. कागदावर अंगठा आहे, मनात काय होते ते नाही.

मी मुख्य प्रश्न विचारला. “मग आता नवमीचं काय करायचं? ती तर १९१७ पासूनच...”

“नवमी नवमीलाच,” आत्या म्हणाली. “तिने चाळीस वर्षं कुंकू लावलं आणि तू एका कागदावरून पुसतोस? हे आयोग-फियोग मला ठाऊक नाहीत. त्यांची द्वितीया त्यांना, तिची नवमी तिला.”

गेल्या पौषात वद्य द्वितीयेला आमच्या घरी पणजोबांचे पहिले पान वाढले गेले. कल्याणचे दादा आवर्जून आले. ते निघताना मी त्यांना पदक परत देऊ लागलो, तर म्हणाले, “राहू दे तुझ्याकडे. तबकडी एकटी कशाला?”

त्यानंतर ओळखीपाळखीच्या लोकांनी मला भंडावून सोडले आहे. डोंबिवलीत कोकणातली, साताऱ्याकडची घरे थोडी का आहेत? एकाचे आजोबा तोब्रुकला पकडले गेलेले. एकाचे इटलीत, माणगावच्या यशवंत घाडग्यांच्या पलटणीत. घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती तिसरी मराठा म्हणजे आमच्या पणजोबांची ११० वीच, १९२२ नंतर नाव बदललेली. एका बाईंचे आजोबा बोटीवर खलाशी होते, बोट बुडाली, बस्स, एवढीच माहिती. त्यांना मी मुंबईच्या मशीद बंदराचे खलाशांचे घर सुचवले. तिथे समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या युद्धातले दोन हजारांवर आणि दुसऱ्यातले सहा हजारांवर. दुसऱ्या युद्धातल्यांची नावे जाड वहीत लिहिलेली आहेत. एक सिंधी शेजारी म्हणाले, “आमच्याकडे उलट झाले. आम्ही लढाईवर गेलो नाही, लढाई संपल्यावर तिच्या बराकींत राहायला आलो.” खरेच आहे. दुसऱ्या युद्धातल्या कल्याण कँपाचे उल्हासनगर झाले, ते ह्याच बराकींतून.

ह्या वर्षी अविधवा नवमीला आत्या हट्टाने ठाण्याहून आली. सवाष्ण जेवली, ओटी भरली. दुपारी सगळे जरा लवंडले असताना मला देव्हाऱ्याशी खुडबुड ऐकू आली. जाऊन पाहतो तो आत्या पाटावर बसली होती. पुढ्यात तेलाची वाटी, शेंदराची पुडी. तबकडीवर ती बोटाने हळूहळू शेंदूर चढवीत होती. सिंहावर, त्रिशुळावर, भोवतालच्या अक्षरांवर.

नावाची चौकट तेवढी तिने मोकळी ठेवली होती.